मोठी फाईल नुसती हलवायला किंवा नाव बदलायला एवढा वेळ का लागतो?

चौकट_सांगली (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. लग्नाच्या व्हिडिओ एडिटिंगचं काम करतो, त्यामुळे दिवसभर मोठ्या फायलींशीच गाठ. एकेक क्लिप ३०-४० जीबीची आणि सगळं होऊन बाहेर पडलेली मास्टर फाईल तर कधीकधी ६० च्याही वर जाते.

तर प्रश्न असा. लॅपटॉपवर एकाच ड्राइव्हमधे या फोल्डरातून त्या फोल्डरात ६० जीबीची फाईल कट-पेस्ट केली की चुटकीसरशी जाते. ऑफिसात चार डिस्कचा नॅस आहे (नेटवर्कला जोडलेला डिस्कांचा डबा), त्यात 'कच्चं' आणि 'तयार' असे दोन शेअर, म्हणजे नेटवर्कवरून उघडता येणारे कप्पे, केलेत. 'कच्चं' मधून 'तयार' मधे तीच फाईल टाकली की हिरवी पट्टी सरकत बसते, अर्धा तास कुठं गेला नाही. दोन्ही शेअर त्याच डब्यात, त्याच डिस्कांवर! मग फाईल एवढा वेळ फिरते तरी कुठं?

दुसरं म्हणजे नॅसवर नुसतं नाव बदललं, समजा क्लिप ००१३ चं 'हळद_वधूपक्ष' केलं, तरी विंडोज कधीकधी दहा-पंधरा सेकंद गोल फिरवत ठेवतं. नाव बदलण्याचा आणि फाईल किती मोठी आहे याचा संबंध काय?

इथला दुकानदार म्हणतोय डिस्का बदला. तुळशीचं लग्न झालं की आम्हाला मान वर करायला फुरसत नसते, म्हणून आत्ताच विचारतोय. नीट कारण कळलं तर पैसे घालीन.

मोगरा

डिस्का लगेच बदलू नका एवढंच सांगते. बाकी जाणकार येतीलच.

बिनतारी

फाईल मोठी म्हटल्यावर वेळ लागणारच की. डिस्कवर तिचे तुकडे सगळीकडे विखुरलेले असतात, नाव बदलताना प्रत्येक तुकड्याला नवीन नाव द्यावं लागत असणार. डीफ्रॅग करून बघा.

इनोडकाका

बिनतारी, नाही हो, तुकड्यांना नाव नसतंच. हे एकदा नीट लिहितो कारण दोन्ही प्रश्नांची मुळं इथंच आहेत.

जमीन आणि सातबारा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत ना, तसंच इथं. डेटा म्हणजे जमीन, ती डिस्कवर पडलेली असते. फाईलचं नाव आणि ती कुठल्या फोल्डरात आहे ही नोंद दप्तरात असते. लिनक्सच्या ईएक्सटी-४ मधे फोल्डर म्हणजे अक्षरशः एक यादी असते, हे नाव आणि हा इनोड नंबर, बस. इनोडमधे फाईल किती मोठी, मालक कोण, डेटा कुठल्या ब्लॉकांत आहे हे सगळं, पण नाव नाही. विंडोजच्या एनटीएफएसमधे एमएफटी नावाचं मोठं रजिस्टर असतं, प्रत्येक फाईलची नोंद साधारण १ केबीची, नाव त्या नोंदीत आणि वरच्या फोल्डरच्या सूचीत. तेव्हा नाव बदललं काय किंवा त्याच व्हॉल्यूममधे (म्हणजे स्वतःचं दप्तर असलेल्या साठ्याच्या भागात, जसा सी किंवा डी ड्राइव्ह) दुसऱ्या फोल्डरात नेलं काय, फेरफार होतो, जमीन जागची हलत नाही. फाईल १ केबीची असो नाहीतर १ टीबीची, काम तेवढंच.

आता अडचण कुठं येते? दप्तर हे त्या त्या व्हॉल्यूमपुरतंच असतं. सी ड्राइव्हच्या दप्तरात डी ड्राइव्हवरच्या ब्लॉकची नोंद करताच येत नाही, मग भले दोन्ही एकाच डिस्कची पार्टिशन असोत. लिनक्समधे अशा वेळी रिनेमचा सिस्टम कॉल सरळ नकार देतो, एरर येते एक्सडेव्ह, म्हणजे तुम्ही दोन वेगळ्या फाईल सिस्टममधे उडी मारताय. मग एमव्ही ही फाईल हलवायची कमांड काही न बोलता सगळी फाईल वाचते, तिकडं लिहिते, आणि मग इकडची पुसते. विंडोजही तेच करतं. आपल्याला दोन्ही वेळा दिसतं एकच, कट आणि पेस्ट. म्हणून गोंधळ होतो.

तळकोकण

काका, सातबारा भारी. म्हणजे एका तालुक्यातली जमीन दुसऱ्या तालुक्याच्या दप्तरी चढवायची तर माती खणून तिकडं वाहून न्यायची 😄

इनोडकाका

अगदी तसंच. आणि नेलेली माती पूर्ण पसरून झाल्याशिवाय इकडची काढायची नाही.

रेवाकाठ

एकाच हार्ड डिस्कवरच्या दोन पार्टिशनमधे हलवणं तर सगळ्यात वाईट. दोन वेगळ्या डिस्का असल्या की एक वाचते आणि दुसरी लिहिते. इथं तेच एक हेड वाचायला इकडं, लिहायला तिकडं, सतत पळत राहतं. फिरत्या डिस्कचा सरळ वाचनाचा वेग सेकंदाला दीडशे एमबीच्या आसपास असला तरी असल्या कामात तो निम्म्याच्या खाली येतो. एसएसडीत हेडच नाही, त्यामुळे एवढा फटका बसत नाही.

चौकट_सांगली (धागाकर्ता)

काका, हे डोक्यात बसलं. पण नॅसमधे मी पार्टिशन वगैरे काही केलेलं नाही. चार डिस्का मिळून एकच व्हॉल्यूम आहे. मग?

फडके_रस्ता

शेअर दोन आहेत ना? तिथंच गोम आहे. तुमच्या विंडोजला नॅसच्या पोटातला व्हॉल्यूम दिसतच नाही. त्याला 'कच्चं' आणि 'तयार' या दोन वेगळ्या जागा वाटतात, आणि एसएमबी प्रोटोकॉलमधे (विंडोज नॅसशी ज्या भाषेत बोलतं त्यात) रिनेमचा हुकूम एका शेअरच्या आतच चालतो. म्हणून विंडोज म्हणतं ठीक आहे, मीच नेतो. नॅसवरून सगळी फाईल तारेतून तुमच्या पीसीत येते आणि त्याच तारेतून परत नॅसवर जाते. ६० जीबी आत, ६० जीबी बाहेर.

गिगाबिट तारेतून हिशोबाने सेकंदाला १२५ एमबी, प्रत्यक्षात ११० च्या आसपास मिळतात. जाणं-येणं एकाच वेळी होऊ शकतं, म्हणजे नुसत्या तारेचा विचार केला तर ९-१० मिनिटांत व्हायला पाहिजे. पण पलीकडं त्याच डिस्का एकदम वाचतायत आणि लिहितायत, वर रेडची पॅरिटी (एखादी डिस्क गेली तर डेटा परत मिळावा म्हणून लिहिलेला जादा हिशोब) असेल तर ती पण. आणि पीसी वायफायवर असेल तर बघायलाच नको, अर्धा तास आरामात.

एसएमबीत सर्व्हरलाच 'तू आतल्या आत कॉपी कर' असं सांगायची सोयही आहे, पण ती दोन्ही बाजूंना जमायला लागते. आणि जमली तरी ती कॉपीच, डिस्कवर वाचणं-लिहिणं बहुतेक वेळा होतंच, फक्त तारेवरचा फेरा वाचतो.

मोगरा

म्हणजे फाईल नॅसमधून निघून ऑफिसभर फिरून परत त्याच नॅसमधे. कमाल आहे.

बिनतारी

नावाचं समजलं, पटलं. पण एक सांगा, पेन ड्राइव्हवर टाकताना पट्टी पहिल्यांदा सुसाट धावते, शंभर टक्के होते आणि मग तिथंच मिनिटभर अडकून बसते. त्यात तर नाव नाही न गाव नाही.

रेवाकाठ

तो वेगळा मामला, पण लोकांना सगळ्यात जास्त छळतो तो हाच. लिनक्सवर असाल तर कॉपी आधी रॅममधे जाते आणि तिथून हळूहळू डिस्कवर उतरते. न उतरलेला डेटा किती साठू द्यायचा याला मर्यादा असते, नेहमीच्या सेटिंगमधे उपलब्ध मेमरीच्या २० टक्के. १६ जीबी रॅम असेल तर जवळजवळ ३ जीबी नुसती रॅममधे जाऊन बसते आणि पट्टीला वाटतं झालं. पेन ड्राइव्ह बिचारी सेकंदाला दहा-पंधरा एमबीने ते पचवत असते. म्हणून इजेक्ट न करता काढू नका हे जे सांगतात ते उगाच नाही.

दुसरं, आजकालच्या स्वस्त एसएसडी आणि पेन ड्राइव्हमधे थोडा भाग वेगवान कॅश म्हणून वापरतात. तो भरेपर्यंत वेग झकास, भरला की एकदम धापकन खाली. छोट्या फायलींना हे कधी कळतच नाही, मोठ्या फायलीलाच कळतं.

आणि यूएसबी २ चं पोर्ट असेल तर कागदावर ४८० मेगाबिट, हातात सेकंदाला ३०-४० एमबी. ६० जीबीला त्यातच अर्धा तास गेला. पोर्ट बघा, केबलही बघा.

आजोळ

माझा मुद्दा थोडा बाजूचा आहे पण मांडते. मी जुन्या कीर्तनांच्या आणि ओव्यांच्या रेकॉर्डिंग्जचं जतन करते. टेपवरून उतरवलेल्या, त्यातले कितीतरी गाणारे आता राहिले नाहीत. मी एका ड्राइव्हवरून दुसऱ्यावर काहीही 'हलवत' नाही. कधीच नाही. आधी कॉपी, मग दोन्हीकडचा चेकसम (फाईलच्या सगळ्या मजकुरावरून काढलेला ओळखीचा आकडा) काढून जुळवायचा, आणि जुळला की मगच मूळ पुसायचं. वेळ दुप्पट लागतो कारण फाईल परत एकदा पूर्ण वाचावी लागते. लागू दे. मंद आहे म्हणून तक्रार करण्याआधी तो वेळ कशाला जातोय ते बघितलं पाहिजे.

फडके_रस्ता

आजोळ, तुमच्या कामाला नमस्कार, पण एकाच व्हॉल्यूममधे हलवताना चेकसमची गरज नाही हो. तिथं डेटाला हातच लागत नाही. उलट तिथं कॉपी करून पुसणं म्हणजे नसता धोका.

आजोळ

एका व्हॉल्यूममधे नाही, मान्य. पण कट-पेस्ट करताना आपण कुठल्या बाजूला आहोत हे विंडोज सांगतं का? नाही सांगत. चाळीस फायलींचा फोल्डर कट केला आणि मधेच लाईट गेली, तर काही फायली तिकडं, काही इकडं, एखादी तिकडं अर्धवट. मग बसा जुळवत. आमच्याकडं लाईट जायला निमित्त लागत नाही. म्हणून मी एकच सवय ठेवलीय आणि माझ्याबरोबर काम करणाऱ्या मुलींनाही तीच लावलीय.

इनोडकाका

आजोळताईंशी सहमत. अर्धवट फाईल नवीन जागी राहते तेव्हा मूळ शाबूत असते खरी, पण फोल्डर दोन्हीकडं विभागला गेला की माणसाचाच घोळ होतो. विंडोजवर रोबोकॉपी आणि लिनक्सवर आरसिंक याच्यासाठी चांगले, मधे तुटलं तर परत चालवलं की झालेल्या फायली सोडून पुढं जातात. आरसिंकला तर फाईल नीट पोचल्यावरच मूळ पूस असंही सांगता येतं.

सिअ‍ॅटलकर

क्लाउडवाल्यांच्या वतीने माझीही भर. अ‍ॅमेझॉनच्या एस-थ्रीसारख्या ऑब्जेक्ट स्टोरेजमधे फोल्डर ही गोष्टच नाही. 'लग्न/हळद/क्लिप१३' हे सगळं मिळून एकच लांबलचक नाव, तीच त्या ऑब्जेक्टची किल्ली. नेहमीच्या बकेटमधे (ऑब्जेक्ट ठेवायच्या कप्प्यात) रिनेम असा हुकूम नाही, नवीन नावाने कॉपी करायची आणि जुनं पुसायचं. एका विनंतीत ५ जीबीपर्यंतचंच कॉपी होतं, त्याहून मोठं असेल तर तुकड्यातुकड्यांनी. आणि 'फोल्डर'चं नाव बदललं म्हणजे आतल्या प्रत्येक ऑब्जेक्टची अशी कॉपी.

याचा मोठा फटका डेटावाल्यांना बसला. हडूपच्या (अनेक मशीनवर मिळून प्रचंड डेटा हाताळायच्या प्रणालीच्या) जमान्यात जॉबचा निकाल आधी तात्पुरत्या फोल्डरात लिहायचा आणि शेवटी फोल्डरचं नाव बदलून 'झालं' म्हणायचं अशी पद्धत. एचडीएफएसवर, म्हणजे हडूपच्या फाईल सिस्टमवर, ते क्षणात होतं कारण नेमनोड नावाच्या सर्व्हरच्या दप्तरात फक्त नोंद बदलते. तेच जॉब जसेच्या तसे एस-थ्रीवर आणले आणि जॉब संपूनही शेवटचा टप्पा ताटकळत बसायला लागला. शेवटी त्यासाठी वेगळे कमिटर (निकाल पक्का करणारे प्रोग्राम) लिहावे लागले, जे नाव बदलतच नाहीत. मायक्रोसॉफ्टच्या अझूर क्लाउडने डेटा लेक जेन २ मधे खरे फोल्डर आणले त्यामागं हेही एक कारण.

तळकोकण

म्हणजे तिकडं सातबाराच नाही, नुसतीच जमीन आणि तिच्यावर पाटी. पाटी बदलायची तर नवीन जमीन.

हिंजवडी_उत्तर

डॉकरमधे (प्रोग्राम त्याच्या सगळ्या सामानासकट 'इमेज' नावाच्या साच्यात भरून चालवायचं साधन) पण हाच प्रकार आहे, आणि तो फार फसवा आहे. त्यातल्या ओव्हरले-एफएस या थरांच्या फाईल सिस्टममधे इमेजचे खालचे थर फक्त वाचायचे असतात. खालच्या थरातल्या ४ जीबीच्या फाईलचं नाव बदला किंवा नुसती परवानगी बदला, आधी ती अख्खी फाईल वरच्या थरात कॉपी होते आणि मग बदल होतो. डॉकरफाईलमधे (इमेज बनवायच्या कृतीत) पुढच्या ओळीत जाऊन चमोड, म्हणजे परवानगी बदलायची कमांड, केलेलं म्हणून इमेज दुप्पट फुगलेली आमच्या टीमने पाहिलीय. मोठी मॉडेल फाईल असेल तर पहिल्यांदा आणतानाच योग्य नावाने, योग्य परवानगीने आणा.

मोगरा

आणि मॅकवाल्यांनो, तुमच्याकडं काय?

निळावंती_मॅक

अ‍ॅपलची नवी फाईल सिस्टम एपीएफएस आल्यापासून, म्हणजे २०१७ च्या हाय सिएरापासून, एकाच व्हॉल्यूममधे मोठ्या फाईलची कॉपीसुद्धा क्षणात होते. क्लोन होतो, डेटा तोच राहतो आणि पुढं जेवढा भाग बदलेल तेवढाच वेगळा लिहिला जातो. पण एका कंटेनरमधे (डिस्कवरच्या सामाईक जागेत) दोन व्हॉल्यूम केले, मोकळी जागा दोघांची सामाईक असली, तरी या व्हॉल्यूममधून त्या व्हॉल्यूममधे हलवताना पूर्ण कॉपी होते. खूप जणांना हे माहीत नसतं, डिस्क एक दिसते म्हणून आश्चर्य वाटतं.

इनोडकाका

झेडएफएस या फाईल सिस्टमचे डेटासेट पण तसेच. पूल एक, पण प्रत्येक डेटासेट स्वतंत्र फाईल सिस्टम, त्यामुळे एकातून दुसऱ्यात म्हणजे सहसा कॉपी. बीटीआरएफएस या आणखी एका फाईल सिस्टमच्या सबव्हॉल्यूममधे (आतल्या उपभागांत) पण एकातून दुसऱ्यात रिनेम नाकारलं जातं, मात्र तिथं रिफ्लिंकने काम भागतं, डेटा न हलवता. चौकट, तुमच्या नॅसमधे बीटीआरएफएस असेल तर प्रत्येक शेअर आत एक सबव्हॉल्यूम असण्याची शक्यता आहे, तेवढं लक्षात असू द्या.

भाकरी_ठेचा

धागा वाचून मुलाच्या कॉम्प्युटरचं एक कोडं सुटलं. डाऊनलोड मॅनेजरने मोठी फाईल उतरवली, शंभर टक्के झाली, तरी पुढं पाच मिनिटं 'जोडतोय' म्हणत बसायचा. तुकडे सी ड्राइव्हच्या टेम्पमधे आणि फाईल डी वर ठेवायला सांगितलेली. म्हणजे सगळं परत वाचून तिकडं लिहायचं. टेम्पची जागा पण डी वरच केली.

रेवाकाठ

बरोब्बर. तरी तुकडे जोडायला थोडा वेळ लागेलच, पण डिस्क बदलायची भानगड गेली. टॉरंटवाल्यांचं पण हेच, अर्धवट फायली एका ड्राइव्हवर आणि पूर्ण दुसऱ्यावर. फेडोरासारख्या लिनक्सवर टीएमपी फोल्डर रॅममधे असतो, तिथून होममधे एमव्ही केलं तरी ती कॉपीच.

चौकट_सांगली (धागाकर्ता)

एवढी उत्तरं येतील असं वाटलं नव्हतं, मनापासून धन्यवाद सगळ्यांचे. हलवण्याचं समजलं. पण नाव बदलायला दहा-पंधरा सेकंद, ते अजून राहिलंय. तिथं तर मी शेअरच्या बाहेर पाऊलच टाकत नाही.

फडके_रस्ता

तिथं फाईल सिस्टमचा दोष नाही, एक्सप्लोररचा कारभार आहे. व्हिडिओचा फोल्डर उघडला की तो प्रत्येक फाईल उघडून तिची लांबी, रिझोल्यूशन, थंबनेल काढत बसतो. एमपी-४ मधे ती माहिती बऱ्याचदा फाईलच्या शेवटी असते, म्हणजे नेटवर्कवरून इकडं थोडं वाच, तिकडं थोडं वाच. नाव बदललं की यादी पुन्हा ताजी करतो. प्रिव्ह्यू पेन उघडं असेल तर फाईल त्याच्याच हातात असते, आणि मग 'फाईल वापरात आहे' म्हणून नकारही येतो.

हे करा: प्रिव्ह्यू पेन आणि डिटेल्स पेन बंद, व्ह्यू डिटेल्सवर आणि त्यात लांबी, फ्रेमरेट असले कॉलम नकोत. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमधे कस्टमाइझमधे जाऊन 'व्हिडिओ' ऐवजी 'सर्वसाधारण वस्तू' निवडा.

हिंजवडी_उत्तर

अँटीव्हायरस पण बघा. नाव बदललेली फाईल काही अँटीव्हायरस नवीन समजून परत तपासायला घेतात. पूर्ण बंद करू नका. फक्त व्हिडिओचे फोल्डर वगळा, आणि तेही बाहेरून आलेलं काही तिथं ठेवत नसाल तरच. पाहुणे पेन ड्राइव्हवर फोटो आणून देतात, त्यांची जागा वेगळी ठेवा.

खात्री करायची असेल तर काळ्या खिडकीत, कमांड प्रॉम्प्टमधे, रेन कमांडने त्याच फाईलचं नाव बदलून बघा. तिथं लगेच झालं आणि एक्सप्लोररमधे वेळ लागला तर नॅस निर्दोष.

चौकट_सांगली (धागाकर्ता)

मंडळी, करून बघितलं. काळ्या खिडकीत ५२ जीबीच्या फाईलचं नाव एंटर दाबता दाबता बदललं. एक्सप्लोररमधे तीच फाईल तसंच फिरवत बसली. मग प्रिव्ह्यू पेन बंद केलं, फोल्डर सर्वसाधारणवर टाकला, आता तिथंही एक-दोन सेकंदाच्या वर जात नाही.

आणि शेअरचं असं केलं: 'लग्नं' नावाचा एकच शेअर नवीन केला, त्याच्या आत 'कच्चं' आणि 'तयार' हे साधे फोल्डर. जुन्यातून नव्यात आणायला रात्रभर लागली, नॅसच्या स्वतःच्या फाईल मॅनेजरमधून लावून दिलं होतं, पीसी बंद करून घरी गेलो. आजोळताईंचं ऐकून हलवलं नाही, कॉपी केलं, जुनं अजून तसंच ठेवलंय. आता कच्चं मधून तयार मधे ६० जीबी टाकली की पट्टी दिसतच नाही! डिस्का बदलायचे पैसे वाचले, त्यात बॅकअपला एक मोठी बाहेरची डिस्क घेईन म्हणतो.

आजोळ

वा. फार बरं वाटलं वाचून. ती डिस्क नक्की घ्या, आणि ऑफिसात नका ठेवू, घरी ठेवा.

रेवाकाठ

बाहेरची डिस्क घेताना ती कशावर फॉरमॅट आहे ते बघा. फॅट-३२ असेल तर ४ जीबीच्या वरची फाईल घेणारच नाही, जागा रिकामी असली तरी. तुम्ही फक्त विंडोजवर असाल तर एनटीएफएस करा. एक्सफॅट मॅक-विंडोज दोन्हीकडं चालतं पण त्याला जर्नल (चालू बदलांची आधी लिहून ठेवलेली नोंदवही) नाही, लिहिताना केबल निघाली तर जास्त त्रास.

आणि एसएमआर प्रकारची (जिच्यात डेटाच्या पट्ट्या एकमेकींवर थोड्या चढवून लिहितात ती) डिस्क शक्यतो टाळा. एकदम शेकडो जीबी टाकायला घेतले की थोड्या वेळाने तिचा वेग फार पडतो. बॉक्सवर लिहिलेलं नसतं बऱ्याचदा, मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या साइटवर बघावं लागतं.

बिनतारी

एक शंका, शेअर बदलला म्हणजे एडिटिंगच्या प्रोजेक्टमधे फायली लाल नाही का दिसणार? त्यात जुना पत्ता असेल ना.

फडके_रस्ता

दिसणार. प्रोजेक्ट फाईलमधे पूर्ण पत्ता असतो. चौकट, चालू असलेलं प्रत्येक प्रोजेक्ट उघडून एक क्लिप नवीन जागी दाखवा, बाकीच्या त्याच फोल्डरातल्या तो बहुतेक स्वतःच शोधतो. पण हे जुना शेअर जुन्याच नावाने चालू असताना करू नका, त्याला आधी केवळ वाचण्यापुरता करून त्याचं नाव बदला, म्हणजे कुठलं प्रोजेक्ट अजून जुन्या पत्त्यावर जातंय ते लगेच समजेल. सगळी प्रोजेक्ट नव्या जागेवरून उघडली की मग जुनं पुसा.

चौकट_सांगली (धागाकर्ता)

हे लक्षातच आलं नसतं. चालू प्रोजेक्ट अकरा आहेत, उद्या सकाळी त्यालाच बसतो.